पेंडल हिलची वेलांटी

(आगमन-शताब्दी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शताब्दीत इतिहासावर बोलून झालं, सणांवर झालं, मुलांच्या मराठीची काळजी तर प्रत्येकाने केली. आमच्याकडे संयोजक आले आणि म्हणाले, “दारावरची ती दिव्यांची पाटी तुम्ही लोकांनी केलीत ना, मग तिच्यावरच बोला.” आम्ही म्हणजे रविवारच्या मराठी वर्गाच्या तिघी शिक्षिका, पाच-सहा पालक, एक आजी आणि काका. बोलायला एकच तोंड उभं असलं तरी हे सगळ्यांचं बोलणं आहे. हे तोंड प्राथमिक शाळेतल्या बाईंचं आहे. हातात डी.एड.चा दाखला, आणि त्यात पत्रा कापण्याचा तास नव्हता. तेव्हा कुणी जाणकार इंजिनिअर समोर असतील त्यांनी सांभाळून घ्यावं.

पाटी पाहून लोक उजेडाचं कौतुक करतात. दिवे तर आम्ही खोक्यातून विकत आणले. आमचे सात शनिवार गेले ते पत्र्याला पत्रा धरून ठेवण्यात, म्हणजे सांध्यांत. कोणता सांधा कोणत्या हत्याराने धरायचा हे आम्हाला कसं कळलं, त्याची ही हकिगत.

आधी आमची चूक सांगतो. गेल्या वर्षी आम्ही “पेंडल हिल” ही दोन शब्दांची उजळणारी पाटी एका दुकानाला करायला दिली होती. शब्द ईमेलमध्ये टाइप करून पाठवला. नमुन्याचं चित्र रात्री साडेदहाला फोनवर आलं, तिघींनी ते अंगठ्याएवढं पाहिलं आणि तिघींनी “छान” म्हणून टाकलं. पाटी आली, लागली, पेटली. आठवड्याने वर्गातल्या सात वर्षांच्या एका मुलीने खालून वर पाहत एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, “बाई, पेंडल हलि म्हणजे काय?”

तिने बरोबर वाचलं होतं. पाटीवर तेच लिहिलेलं होतं. पहिली वेलांटी आपण बोलताना अक्षराच्या नंतर उच्चारतो, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढतो. संगणकात ती ‘ह’च्या नंतरच साठवलेली असते, आणि तिला उचलून ‘ह’च्या आधी आणून बसवणं हे लिपी जाणणाऱ्या प्रणालीचं काम असतं. अक्षरं कापायच्या कितीतरी जुन्या प्रणालींना ते येत नाही. त्यांनी वेलांटी ‘ह’च्या मागे ठेवली. ती ‘ल’च्या पुढे आली आणि ‘ल’चीच झाली. दुकानातल्या माणसांना देवनागरी येत नव्हती, हा त्यांचा दोष नाही. आम्हाला येत होती.

आणखीही होतं. दोन्ही ‘ल’ हिंदी वळणाचे आले होते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवणारा निर्णय काढला, त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवेत हे सांगितलं आहे. आम्ही वर्गात मुलांच्या वहीतला ‘ल’ त्यावरून सुधारतो आणि दारावर दुसराच लावून बसलो होतो.

तिसरी गोष्ट जानेवारीत कळली. इथल्या पश्चिम भागाचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथला ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आपली पाटी उत्तरेकडे तोंड करून आहे, दिवसभर ऊन खाते. एका दुपारी ‘पें’वरचा अनुस्वार खाली पडला. हाताच्या तळव्याएवढा, धातूचा, कडा धारदार. पडला तो पायरीवर. त्या पायरीवर मुलं दर रविवारी दार उघडायची वाट पाहत बसतात. तो वार रविवार नव्हता, एवढंच. उलटून पाहिलं तर मागे गरम करून लावायच्या डिंकाचे दोन ठिपके. तो डिंक उष्णतेने वितळवून लावतात, आणि उन्हात तापलेल्या डबीत तो पुन्हा मऊ पडतो. यापेक्षा जास्त सांगायला नको.

तेव्हा काका पुढे आले. काकांना तुम्ही सगळे ओळखता ते प्रसाद वाटताना आणि खुर्च्या मांडताना. वीस वर्षं त्यांनी इथे गोदामात काम केलं. त्याआधी ते काय करत होते हे आम्हालाही माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. काकांचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काका शाळा सोडून लालबागच्या एका पाट्या करणाऱ्याकडे हाताखाली लागले. इथे पेंडल हिलला १९२० च्या दशकात बाँड्सची सूतगिरणी उभी राहिली आणि या उपनगराचं नाव इंग्लंडातल्या लँकेशरच्या, कापडगिरण्यांच्या मुलखातल्या एका टेकडीवरून आलं, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे गिरणीच्या नावाचीच पाटी करायची होय!” बाकी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात हत्यारं होती.

पहिला धडा त्यांनी जुनी पाटी उघडून दिला. जिथे रिव्हेट होते तिथे ते कसे काढायचे हे आधी शिकवलं. ज्या मापाचा रिव्हेट त्याच मापाचं ड्रिलचं पातं त्याच्या डोक्यातल्या खळग्यात टेकवायचं, हळू फिरवायचं, डोकं चकतीसारखं सुटून येतं, मग उरलेला भाग पंचने मागे ठोकायचा. घाईने रेटलं तर रिव्हेट भोकात स्वतःभोवती गरगर फिरत बसतो आणि पातं नुसतं तापतं. आमचे पहिले चार तसेच फिरले. जुन्या अक्षरांतले ‘ड’ आणि ‘पें’चे काही पत्रे वाचले, बाकीचं नव्याने करायचं ठरलं.

आता अशा अक्षराची घडण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. उजळणारं अक्षर म्हणजे एक उथळ डबा. पाठीला अक्षराच्या आकारात कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्याच्या कडेने उभी पट्टी, आमची ऐंशी मिलिमीटर रुंद, अक्षराच्या प्रत्येक वळणाबरोबर वाकवलेली. समोर दुधी अ‍ॅक्रिलिकचं झाकण. आत पाठीवर एलईडीचे छोटे तुकडे. पाठ आणि पट्टी जिथे काटकोनात भेटतात तो मुख्य सांधा. त्यासाठी पट्टीच्या खालच्या कडेला दाते कापून ते आत दुमडायचे आणि पाठीच्या पत्र्याला धरून ठेवायचे. कशाने धरायचे, हाच सगळा प्रश्न.

काका सांगत होते, त्यांच्या सुरुवातीच्या काळात जस्ताच्या पत्र्याची अक्षरं डाख देऊन जोडत. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि न गंजणारं, पण त्यावर साधा डाख धरत नाही. हवा लागली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, कठीण थर येतो आणि डाख त्यावरून पाण्यासारखा ओघळतो. वितळजोड, म्हणजे वेल्डिंग, करता येतं, पण एक मिलिमीटरच्या पत्र्याला भोक न पाडता ते करणं नवख्याचं काम नाही. उरले दोन मार्ग, स्टेपल आणि रिव्हेट.

स्टेपल म्हटल्यावर मुलं हसली. त्यांना वाटलं आपल्या वहीचा. तत्त्व तेच आहे. हवेच्या दाबावर चालणारा पकडीसारखा स्टेपलर असतो, त्याचा एक जबडा डब्याच्या आत, दुसरा पाठीमागे. खटका दाबला की पोलादी पिन दोन्ही पत्रे भेदून जाते आणि समोरच्या ऐरणीवर तिचे पाय वळून घट्ट बसतात. आधी भोक पाडावं लागत नाही. सरळ रेषेवर काम इतकं भराभर होतं की आमच्या एका पालकांनी शिरोरेषेची एक बाजू चहा उकळेपर्यंत संपवली. आजी शिवणकामातल्या. त्या म्हणाल्या, “ही म्हणजे मशीनची टीप.” आम्हाला तेच नाव बरं वाटलं. पुढे सात शनिवार आम्ही स्टेपलला टीपच म्हणत होतो.

पण टीप वळणावर अडते. इंग्रजी अक्षरं बहुतेक ऐसपैस असतात. आपला ‘ह’ पाहा. खाली दोन वळणं, एकात एक शिरलेली. मराठी ‘ल’च्या पाकळीचं पोट अरुंद. ‘ड’ची मान तर दोन बोटांची. स्टेपलरचा जबडा तिथे आत शिरतच नाही. देवनागरीच्या अक्षराला ज्यामुळे रूप आहे तिथेच हे यंत्र थांबतं. आम्ही एकदा जबरदस्तीने घातलं आणि पट्टीला कायमचा पोचा आला. तो ‘ल’च्या आतल्या बाजूला आहे. शोधल्याशिवाय दिसणार नाही, पण आम्हाला रोज दिसतो.

अशा जागी पॉप रिव्हेट. याची गंमत अशी की तो एकाच बाजूने बसतो. साध्या रिव्हेटला एका बाजूने ठोकायचं तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी टेकू धरावा लागतो. विमानाच्या बंद पंखात हात घालून टेकू कोण धरणार? ब्रिटनमध्ये हॅमिल्टन वायली यांनी पोकळ रिव्हेटमधून खिळा ओढून घेण्याची युक्ती काढली, तिचं पेटंट १९२७ सालचं, आणि आर्मस्ट्राँग-व्हिटवर्थच्या विमानांच्या कामात ती वापरात आली. पोकळ नळी भोकात घालायची, तिच्यातून आलेली सळई रिव्हेट-पक्कडीने ओढायची. सळईचं डोकं नळीचं मागचं तोंड फुगवतं, पत्रे आवळले जातात, आणि ठरलेल्या ताणाला सळई ‘टक्’ करून तुटते. तो आवाज आला की काम झालं. आवाज न येता सळई सुटून हातात आली, तर रिव्हेट बसला नाही, काढून टाका. काका पाठ करून उभे असत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, “ताई, तो परत मारा.”

मापं सांगून ठेवतो, पुढच्या वेळी कुणाला लागली तर. आमचे पत्रे एकेक मिलिमीटरचे, म्हणजे दोन मिळून दोन. त्यासाठी ३.२ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट आणि ३.३ चं भोक. भोक सैल झालं की रिव्हेट तिरका बसतो. रिव्हेटची लांबी पत्र्यांच्या जाडीला जुळती हवी. फार लांब घेतला तर तो आतल्या आत चुरगळतो आणि पत्रे सैलच राहतात. पुडक्यावर किती जाडी धरेल ते छापलेलं असतं. आम्ही ते न वाचता पहिलं पुडकं आणलं होतं. सरळ भागात पाच सेंटिमीटरवर एक रिव्हेट, वळणावर प्रत्येक दात्याला एक. आणि भोक पाडल्यावर त्याच्या कडेची कुसळं कानशीने काढायचीच, नाहीतर दोन पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि रात्री त्या फटीतून उजेडाची रेघ बाहेर पडते.

रिव्हेट मारण्याआधी सगळं तात्पुरतं धरून ठेवायला काकांच्या डब्यात तांब्याच्या रंगाच्या छोट्या पिना होत्या, क्लिको म्हणतात त्यांना. खास पक्कडीने दाबलं की टोक बारीक होतं, भोकात जातं, सोडलं की आत फाकून पत्रे धरून बसतं. रंगावरून माप कळतं, तांब्याचा रंग ३.२ च्या भोकाचा. एकाआड एक भोकात क्लिको लावायचे, अक्षर फिरवून सगळीकडून पाहायचं, मनासारखं असेल तरच मधल्या भोकांत रिव्हेट. आजींनी याचंही नाव ठेवलं, धावदोरा. चुकलं तर उसवायला सोपा. पेंडल हिलचा ‘हि’ आम्ही तीन वेळा उसवला.

आता तो वाद सांगतो, जो आमच्यात दोन शनिवार चालला. शिरोरेषेचा.

आम्ही शिक्षिका ठाम होतो. पहिलीत मुलांना आम्ही शिकवतो ते असं की शब्द लिहायचा आणि त्यावर एक रेघ ओढायची, रेघेने शब्द बांधला जातो. तेव्हा “पेंडल” हा एकच डबा हवा, एक सलग उजळणारी रेघ. काका म्हणाले, “बाई, फळ्यावर रेघ ओढायला खडू लागतो. इथं ऊन पण रेघ ओढतं.” आम्हाला कळेना. मग त्यांनी हिशोब करायला लावला. दीड मीटर लांबीची शिरोरेषा, हिवाळ्यातल्या सकाळपासून उन्हाळ्यातल्या तापलेल्या पत्र्यापर्यंत चाळीस अंशांचा फरक धरा. अ‍ॅल्युमिनियम साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अ‍ॅक्रिलिक त्याच्या तिप्पट, चार मिलिमीटरच्या वर. झाकण स्क्रूने पट्टीला घट्ट बांधलेलं असेल तर ते जाणार कुठे? स्क्रूच्या भोकापाशी तडकणार.

म्हणजे रेघ तोडणं भाग होतं. प्रश्न राहिला कुठे तोडायची. इथे मात्र बाईंचं ऐकलं गेलं, हे आम्ही अभिमानाने सांगतो. काना, मात्रा, वेलांटी आपल्या अक्षरापासून तुटता कामा नये. ‘पें’ची मात्रा ‘प’च्याच पाठीच्या पत्र्यातून कापायची, ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्याच. पत्रा एक असला की पुढे कुणी पाटी उतरवून पुन्हा लावली तरी वेलांटी दुसऱ्याच्या डोक्यावर बसवता येणार नाही. फट ठेवायची ती दोन अक्षरांच्या मध्ये, जिथे लिहिताना हात उचलला जातो तिथे, आणि तीन मिलिमीटरचीच. पाचही डबे मागून अ‍ॅल्युमिनियमच्या एका चौकोनी नळीला बांधले आहेत. ती नळी बरोबर शिरोरेषेच्या मागून जाते. झाकणांची स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवली आहेत, म्हणजे अ‍ॅक्रिलिकला सरकायला जागा राहते. रस्त्याच्या पलीकडून पाहा, रेघ सलग दिसते. पायरीवरून पाहिलं तर फटी दिसतात. आमच्यातल्या एकीला त्या अजून खुपतात आणि ती तसं बोलूनही दाखवते.

अनुस्वाराचं काय करायचं? तो कुणालाच टेकलेला नसतो, हवेतच असतो. कागदावर ते चालतं. काकांनी शिरोरेषेमागच्या नळीवरून एक अरुंद पट्टी वर काढली, भिंतीच्या रंगाने रंगवली, आणि अनुस्वाराची डबी तिला दोन बोल्टांनी आवळली. आत रिव्हनट बसवले आहेत, म्हणजे रिव्हेटसारख्या बसणाऱ्या आटे असलेल्या नळ्या. पातळ पत्र्यात आटे पाडले तर ते टिकत नाहीत, म्हणून ही सोय. बोल्ट दोन का? एकावर टांगलेली वस्तू वाऱ्याने हलत हलत स्वतःच सैल होते. आम्ही तो अनुस्वार बसवल्यावर एका पालकांनी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. हे करायला नको होतं, पण कुणी अडवलं नाही.

चिकटपट्टी आणि डिंक आम्ही पूर्ण टाकून दिले असं नाही. एलईडीच्या तुकड्यांना मागे चिकटपट्टी असतेच, पण प्रत्येकाला एक छोटा स्क्रूही दिला. फटी बुजवायला सिलिकॉन वापरलं. त्यात एक खबरदारी घ्यायची. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन घ्यायचं नाही, त्यातून सुकताना आम्ल सुटतं आणि धातू आणि तारांचे जोड खराब होतात. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यायचं. वजन मात्र कुठेही डिंकावर टाकलेलं नाही. आणि प्रत्येक डब्याच्या तळाला पाणी निघून जायला भोकं आहेत. ती आम्ही ‘ड’ला विसरलो होतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर ‘ड’ अर्धाच उजळत होता, पोटात पाणी. मुलांनी त्यात मासे सोडायची सूचना केली.

विजेचं काम आम्ही बारा व्होल्टच्या बाजूपुरतंच केलं. त्यापलीकडचं, भिंतीतलं, या राज्यात परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं आणि आम्ही ते त्यांच्याकडूनच करून घेतलं. साठ तुकडे, मिळून त्रेचाळीस वॅटच्या आसपास, म्हणून साठ वॅटचा ड्रायव्हर. त्याला पूर्ण ताणायचं नाही, थोडा दम ठेवायचा.

मधल्या एका शनिवारी काकांनी ठाण्याच्या त्यांच्या पुतण्याला व्हिडिओवर घेतलं. त्याचं पाट्यांचंच दुकान आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असाव्यात अशी दुरुस्ती २०२२ साली कायद्यात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत त्याला रात्री झोप नव्हती, असं पुतण्या सांगत होता. आम्ही त्याला आमचा ‘हि’ दाखवला. तो म्हणाला, “काका, वेलांटीच्या वरच्या वळणाला दाते अजून बारीक कापा.” काकांनी फोन बंद केला आणि म्हणाले, “माझ्याकडंच शिकलाय.” पण दाते बारीक कापले.

काकांचा उजवा खांदा कामातून गेला आहे. रिव्हेटची हातपक्कड त्यांना दाबता येत नाही. सगळे रिव्हेट पालकांनी आणि आम्ही मारले आहेत, काका शेजारी उभे राहून सांगत. आमच्या पालकांतले दोघे संगणकावर काम करणारे, एक दंतवैद्य, एक बँकेत. दंतवैद्यांचा हात सर्वांत चांगला निघाला. ‘ह’ची आतली वळणं त्यांची आहेत. एका वयाने मोठ्या माणसाला “काका, बरोबर आहे का?” असं दर दोन मिनिटांनी विचारलं जात होतं, आणि ते काका वीस वर्षं या सभागृहात खुर्च्या मांडत होते. आम्ही सत्कार करतो ते ठरावीक लोकांचे. यादी आमच्याकडेच असते, तेव्हा हे आम्हाला स्वतःलाच ऐकवायला हवं.

मुलांना आम्ही गॅरेजमध्ये हत्यारांपासून दूर ठेवलं. तुटलेल्या सळया सुईसारख्या असतात, त्या एका बरणीत मोजून टाकायचं काम त्यांना दिलं. डोळ्यांवर चष्मे सगळ्यांना. त्यांचं खरं काम वेगळं होतं. पत्रा कापण्याआधी प्रत्येक अक्षर खऱ्या मापात कागदावर छापून वर्गाच्या फळ्यावर लावलं. आधी मोठ्यांनी काही बोलायचं नाही. मुलांनी वाचायचं. ते वाचतील तसं वहीत लिहून घ्यायचं. पहिल्या दिवशी एकाने “पेंडल हिल” वाचलं, दुसऱ्याने वाचलं, आणि त्या सात वर्षांच्या मुलीने बराच वेळ वर-खाली पाहून सांगितलं, “आता बरोबर आहे, पण दुसरा ‘ल’ पहिल्यापेक्षा बारीक आहे.” मोजलं तर चार मिलिमीटरने होता. छापताना कागद सरकला होता.

पाटी लागली त्या संध्याकाळी ढग होते. दिवे लावले तेव्हा रस्त्यावर आपली माणसं थोडी आणि तमिळ दुकानांतून बाहेर पडलेली जास्त होती. एका तमिळ आजोबांनी विचारलं, काय लिहिलं आहे. सांगितल्यावर त्यांना गंमत वाटली, की आपण राहतो त्याच गावाचं नाव लिहायला एवढी मेहनत. मग त्यांनी अनुस्वाराकडे बोट करून विचारलं की तो दिवा वेगळा कशासाठी. आमच्यातल्या तिघी एकदम बोलू लागल्या.

आता उरलेली कामं. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर, अनुस्वाराचे आणि मागच्या नळीचे बोल्ट तपासायचे आहेत. तळाची भोकं कोळ्यांच्या जाळ्यांनी बुजतात, ती तारेने मोकळी करायची. कागदी नमुने गुंडाळी करून वर्गाच्या कपाटात ठेवले आहेत, पाठीमागे मापं लिहून. काकांचा बिस्किटांचा डबाही तिथेच आहे. त्यात तीस-पस्तीस रिव्हेट, नऊ क्लिको आणि हातपक्कड आहे. पुढच्या वर्षी “मराठी वर्ग” हे शब्द करायचे आहेत. त्यात दुसरी वेलांटी आहे आणि ‘र्ग’वरचा रफार आहे. रफार कसा धरायचा यावर काका आणि पुतण्या यांचं अजून जमलेलं नाही. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी नाव द्यावं.

पाटीची पाठ पाहायची असेल तर बाजूच्या दारापाशी शिडी लावून ठेवली आहे. एका वेळी एकानेच चढावं, आणि लहान मुलांनी मोठ्यांना बरोबर घेतल्याशिवाय चढू नये.